आधी धरणाचा साठा बघा, मग पोती काढा

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या काठावर, चौपाटीवर सफाई करायची ठरली की सगळे आधी विचारतात, माणसं किती येणार? तो शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा की आज धरणात पाणी किती आहे आणि ते चढतंय की उतरतंय.

खडकवासल्याची उपयुक्त साठवण १.९७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्याच्या वरच्या अंगाची धरणं म्हणजे पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, चारही मिळून २९.१५. चौघांत खडकवासला सगळ्यात लहान, पण पुणे शहर आणि थेट इंदापूरपर्यंतची शेती पाणी घेते ते इथूनच. त्यामुळे इथली पातळी नुसत्या पावसावर हलत नाही, कालव्याच्या आवर्तनावर (शेतीला पाळीने सोडायच्या पाण्यावर) आणि पानशेत-वरसगावातून खाली किती सोडलं त्यावर हलते. मुठा उजव्या कालव्यात १,००० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) सोडले तर दिवसाला सुमारे ०.०८६ टीएमसी पाणी जातं. वरून भर पडली नाही तर साठा रोज चार टक्क्यांनी उतरला म्हणून समजा. जिथे काठ सपाट आहे तिथे एवढ्याने पाणी आठवड्यात कितीतरी पावलं मागे सरकतं. सकाळच्या साठ्याचे आकडे पेपरात रोज येतात. चार-पाच दिवसांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की काठ उघडा पडणार की बुडणार ते घरबसल्या कळतं.

सगळ्यात चांगला दिवस कोणता? पाणी उतरायला लागल्यापासून साधारण दुसरा ते पाचवा. तेव्हा गाळ ओला असतो पण पाय रुतत नाही, आणि त्यात अडकलेलं प्लॅस्टिक सुटून येतं. पंधरा दिवस उशीर झाला, वर एप्रिलचं ऊन असलं, तर तोच गाळ भाजलेल्या विटेसारखा होतो. मग वेफरच्या पाकिटाचं बोटभर टोक वर दिसतं, ओढलं की तेवढंच हातात येतं आणि बाकीचं पाकीट पुढच्या पावसाळ्यापर्यंत जमिनीत राहतं. उलट तळं काठोकाठ भरलेलं असताना गेलात तर रस्त्याकडेचा कचरा तेवढा मिळतो. खरा माल पाण्याखाली असतो. ऑगस्टमधल्या मोठमोठ्या मोहिमांचे फोटो झकास येतात ते हिरवळीमुळे.

काठाकडे नीट पाहिलं तर कचरा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो पाण्याला समांतर रेघांमध्ये असतो. उतरताना पाणी जिथे जिथे दोन-चार दिवस थांबलं, तिथे तिथे एक रेघ. सगळ्यात वरची रेघ तळं भरलेलं असतानाची. तिच्यात काटक्या, थर्माकोलचे मणी, बाटल्यांची झाकणं, चपला असं हलकं तरंगणारं सामान. खालच्या रेघांत गाळात बसलेल्या पिशव्या, कापड, काच. दुसरी गोष्ट वाऱ्याची. तळं पश्चिमेकडे लांब पसरलंय, भिंत पूर्वेच्या टोकाला आणि चौपाटी भिंतीजवळच्या काठाला. पश्चिमेचा वारा सुटला की वर कुठेतरी पडलेली बाटलीही तरंगत तरंगत याच कोपऱ्यात येते. म्हणून इथला सगळा कचरा भजी खाणाऱ्यांच्या नावावर घालणं बरोबर नाही. अर्थात बराचसा त्यांचाच असतो.

आता वार. शनिवारी-रविवारी दुपारनंतर सिंहगड रस्ता तुंबतो आणि रविवारी रात्री काठ सर्वाधिक घाण होतो. माणसं मात्र मिळतात रविवारी सकाळी, म्हणजे फक्त शनिवारचा कचरा उचलून होतो आणि संध्याकाळपर्यंत जागा पुन्हा पूर्वपदावर. सोमवारी सकाळी पाच जण आले तर रविवारच्या पन्नासांपेक्षा जास्त पदरात पडतं. जमत नसेल तर रविवारच घ्या, पण साडेसहाला हात घालून नऊच्या आत आटपा. नऊनंतर गाड्या लागायला लागतात आणि भरलेली पोती रस्त्यापर्यंत आणायला वाट उरत नाही.

परवानगीचं प्रकरण किचकट वाटतं, कारण काठ एकाचा, रस्ता दुसऱ्याचा आणि कचरा तिसऱ्याचा. धरण आणि पाण्यालगतची जमीन जलसंपदा विभागाकडे. खडकवासला गाव २०२१मध्ये पुणे महापालिकेत आलं, पण पानशेत रस्त्याने पुढे गेलात की गोऱ्हे, डोणजे या ग्रामपंचायती लागतात. एकच पत्र जलसंपदा, महापालिका आणि ग्रामपंचायत या तिघांना द्यायचं आणि एक प्रत पोलीस ठाण्यात. पत्रात चार गोष्टी हव्यात: तारीख आणि वेळ, माणसांचा अंदाज, कुठून कुठपर्यंत (खुणेच्या जागा लिहून), आणि ‘कोणीही पाण्यात उतरणार नाही’ हे वाक्य. सगळ्यांचं लक्ष त्या वाक्यावर असतं. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि त्या दिवशी पत्र खिशात ठेवा. काठावर कोणीतरी हटकतोच.

त्याच भेटीत एक गोष्ट पक्की करायची, आणि ती झाल्याशिवाय लोकांना तारीख कळवायची नाही: कचऱ्याची गाडी. कोणती गाडी, किती वाजता, कुठल्या वळणावर, चालकाचा नंबर काय. ‘पाठवतो’ हे उत्तर धरू नये. सफाई फसते ती नव्वद टक्के वेळा इथेच. चाळीस पोती भरून रस्त्याकडेला लावली, गाडी आली नाही, संध्याकाळी भटकी कुत्री आणि गाई आल्या. बाटल्या शोधणाऱ्याने पोती सोडली, हवं ते काढून घेतलं आणि बाकीचं तिथेच ओतलं. दुसऱ्या दिवशी काठ आधीपेक्षा वाईट, कारण पांगलेला कचरा आता एका जागी ढिगाने पडलाय आणि ढीग दिसला की येणारा-जाणारा त्यात भर घालतो. हा प्रकार एकदा डोळ्यांनी पाहिला की पोती कमी भरली तरी चालतील, पण गाडीशिवाय एकही भरायचं नाही, हे पक्कं होतं. गाडी मिळतच नसेल तर छोटा टेम्पो भाड्याने घ्या आणि माल कुठे उतरवायचा ते आधी लेखी घ्या. टेम्पोत सुमारे तीस पोती बसतात. तेवढीच भरा.

सामानात पोत्यांपासून सुरुवात. काळ्या कचरापिशव्या आणू नका. काच आणि काटक्यांनी त्या पहिल्या दहा मिनिटांत फाटतात आणि आपणच कचरा वाढवतो. सिमेंटची पोती फुकट मिळतात, पण आतली पूड ओल्या हाताला लागली की कातडी भाजते. पशुखाद्याची किंवा साखरेची विणलेली ५० किलोची पोती उत्तम. बारदानवाल्याकडे जुनी स्वस्तात मिळतात. माणशी दोन धरा आणि वर दहा जास्त. तोंड बांधायला सुतळीचे हातभर तुकडे आधीच कापून आणा, तिथे कात्री कधीच सापडत नाही. पोतं ताठ उभं राहावं म्हणून त्याच्या तोंडात जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचं कडं कापून अडकवलं तर एकटा माणूसही भरू शकतो.

हातमोजे रबर चढवलेले, बांधकामावर वापरतात तसे. दवाखान्यातले पातळ नकोत. पाय झाकणारे बूट सक्तीचे; सँडलवर आलेल्याला मोजणीच्या कागदावर बसवा, परत पाठवू नका. पाच जणांमागे एक दंताळं, दोन खुरपी, एक घमेलं. लांब चिमटे तीन-चार पुरतात, कंबरदुखीवाल्यांसाठी. काचेसाठी मात्र पोतं नाहीच. रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्या आणायच्या, झाकणासकट. पोत्यात टाकलेली फुटकी बाटली ते पोतं उचलणाऱ्याच्या पोटरीला लागते, आणि तो उचलणारा बहुतेक वेळा आपल्यातला नसतो, गाडीवरचा माणूस असतो. शिवाय हुकाचा लटकता वजनकाटा, २० मीटर नायलॉन दोरी, ५ मिलिमीटर भोकांची चाळण, प्रथमोपचाराची पेटी, आणि पिण्याच्या पाण्याचा जार. सुट्या बाटल्या वाटायच्या नाहीत, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

कामाला लागताना लोकांना ‘पसरा’ म्हणून सोडलं की सगळे सगळ्यात मोठ्या ढिगाकडे धावतात आणि अर्ध्या तासाने दमतात. तिघांची एक टोळी करायची. एक दंताळ्या-खुरप्याने मोकळं करणारा, एक उचलणारा, एक पोतं धरून मोजणारा. दर वीस मिनिटांनी कामं बदलायची. टोळीला काठाचा २० मीटरचा पट्टा दोरीने आखून द्यायचा, वरच्या रेघेपासून पाण्यापर्यंत. काम वरून खाली करायचं. खालून वर गेलात तर ओल्या गाळातून आल्यामुळे बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि वरचा कोरडा कचरा त्यात तुडवला जातो.

गाळातून पाकीट काढण्याची एक रीत आहे. टोक धरून ओढायचं नाही. टोकापासून दोन बोटं लांब खुरपं तिरकं घालून खालची माती उचलायची, ढेकूळ सैल झालं की पाकीट दोन्ही हातांनी सपाट धरून हळूहळू वर घ्यायचं. ते पिशवीसारखं फुगलेलं असतं, आत मूठभर चिखल. तोंड खाली करून तो चिखल तिथेच झटकायचा. नाहीतर पोत्यात कचऱ्यापेक्षा गाळ जास्त जातो, पोतं उचलत नाही आणि वजनाचा आकडा खोटा ठरतो. दोन-तीन वर्षं उन्हापाण्यात राहिलेली कॅरिबॅग हाताला पापडासारखी लागते आणि चुरा होते. तिथे खुरप्याने मातीसकट खरवडून चाळणीवर टाकायची. चाळण पाण्यात बुडवून हलवण्याचा मोह होतो. तसं केलं तर चुरा तळ्यात जातो. कोरडीच हलवा.

पाण्याच्या कडेला एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळावर वरून कोरडी साय दिसते आणि खाली खीर असते. पाय घोट्यापर्यंत गेला की पुढचं पाऊल टाकायचं नाही, मागे सरायचं. त्यापलीकडची बाटली तरंगू दे. इथे बुडून माणसं गेली आहेत आणि पोहता येणारीही गेली आहेत. कडेला एक जण असा ठेवायचा ज्याला कचरा उचलायचं कामच नाही, नुसतं बघायचं आणि ओरडायचं. वरच्या रेघेतल्या काटक्यांच्या ढिगात मात्र आधी दंताळं घालून ढवळायचं, मग हात. फुरसं, घोणस, विंचू यांना तोच आडोसा आवडतो.

आता मोजणी. वजनावर समाधान मानणाऱ्यांशी आमचं पटत नाही. एक बादली काच १५ किलो भरते, चेपून भरलेलं वेष्टनांचं पोतं पाचसहा किलो. वजनच बघितलं तर काच हाच खडकवासल्याचा प्रश्न आहे असं वाटेल. नग मोजले तर चित्र उलटं होतं: सिगारेटची थोटकं, पुड्या, चहाचे कप, वेष्टनं, झाकणं. म्हणून दोन्ही लिहा. कागदावर पंधराच रकाने ठेवा, त्यापेक्षा जास्त कोणी भरत नाही. मोजताना दर नगाला एक रेघ: चार उभ्या, पाचवी आडवी. पुड्यांचा एक गुंता आहे. गुटखा राज्यात २०१२पासून बंद, त्यामुळे पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत येतात आणि तोंडात एकत्र होतात. एका माणसाच्या एका वेळच्या दोन पुड्या. त्या दोन मोजायच्या की एक, हे सुरू करण्याआधी ठरवा (आम्ही दोन मोजतो), नाहीतर दोन टोळ्यांचे आकडे जुळत नाहीत. थोटकं पूर्ण पट्ट्यात मोजणं अशक्य. दोरीचा एक मीटरचा चौकोन करून तीन ठिकाणी टाका आणि तेवढीच मोजा. थोटकाचं बोंड कापसाचं वाटतं, पण ते सेल्युलोज ॲसिटेटचं, म्हणजे प्लॅस्टिकच. म्हणून ते ‘कुजेल’ या रकान्यात जात नाही.

कायद्याने काय बदललं ते या कागदावर दिसतं. महाराष्ट्राची प्लॅस्टिकबंदी मार्च २०१८ची, देशभरातली एकदाच वापरायच्या वस्तूंची बंदी १ जुलै २०२२ची. तिच्यात प्लॅस्टिकच्या ताटल्या, कप, चमचे, स्ट्रॉ आले. वेफर-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं त्या यादीत नाहीत. तेव्हा सापडलेल्या ताटलीवर ‘बंदी असूनही’ असं लिहिताना ती वरच्या रेघेतली ताजी आहे की गाळातली जुनी, हे बघूनच लिहा. ताजी ताटली वेगळ्या रकान्यात गेली तरच तो आकडा कोणापुढे ठेवता येतो.

भुट्ट्याचं काय करायचं, यावर दरवेळी वाद. दाणे खाल्लेली कणसं आणि वरची सालं मोजू नका, पण उचला, वेगळ्या पोत्यात. कुजतात हे खरं, पण ढिगावर उंदीर-डुकरं येतात आणि ओल्या सालांखाली थोटकं-पुड्या लपतात. सालं टपरीवरच टोपलीत राहिली तर गोठेवाले घेऊन जातात. वापरलेली कणसं मीठ-मिरची चोपडलेली असल्यामुळे गोठ्यात नको, खतात चालतात. शहाळी तोडून उलटी टाका, नाहीतर पावसात प्रत्येक करवंटी डासांची टाकी. निर्माल्यात फुलं खतात जातात, पण आधी दोरा, चकचकीत कागद आणि पिशवी सुटी करायची. यालाच सर्वात जास्त वेळ लागतो. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या मूर्तींना पोत्यात कोंबू नका. बाजूला कापडावर उभ्या ठेवा आणि संबंधित कर्मचाऱ्याच्या ताब्यात द्या. फोटो काढणाऱ्याला थांबवा. एका फोटोवरून सकाळ वाया जाते.

वर्गवारी शेवटी नाही, भरतानाच. टोळीमागे तीन पोती: स्वच्छ बाटल्या आणि डबे, बाकी सगळं प्लॅस्टिक, आणि कापड-चपला-डायपर वगैरे. भंगारात पाण्याच्या बाटल्या जातात, धड बिअरच्या बाटल्या जातात, डबे जातात. चिखलाने माखलेली वेष्टनं कोणीही घेत नाही; ती गाडीतून जातात आणि भरलेल्या पोत्यांत निम्म्याहून जास्त तीच असतात. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे. त्या बायकांना बाटली आणि बाटली यातला फरक आपल्यापेक्षा जास्त कळतो. एका अनुभवी वेचक मावशींना रीतसर मानधन देऊन सकाळी बरोबर घेतलं तर गाडीत चढवायची पोती कमी होतात. विकून आलेले पैसे त्यांचे. भंगाराची पोती गाडीची वाट न बघता आधी हलवा, म्हणजे मघाशी सांगितलेला पोती सोडण्याचा प्रकार होत नाही.

नऊच्या सुमाराला कोणीतरी काड्यापेटी काढतो. ‘थोडाच आहे, पेटवून टाकू.’ उघड्यावर कचरा जाळण्याला हरित लवादाच्या २०१६च्या आदेशाने साधा ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० रुपये दंड आहे. हे ऐकवलं की काड्यापेटी खिशात जाते. धुराचं शास्त्र सांगितलं तर जात नाही.

टपरीवाल्यांशी बोलणं सफाईच्या दिवशी करू नका. त्या दिवशी ते बचावात असतात आणि आपण तोऱ्यात. मधल्या वारी दुपारी जा, चहा घ्या, विचारा की तुमचं पिंप कोण रिकामं करतं. बहुतेक वेळा पिंप नसतं, कारण आधी ठेवलेलं भरून वाहिलं आणि शिव्या त्यांनाच बसल्या. २०० लिटरचं पिंप देणार असाल तर तळाला सात-आठ भोकं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही, आणि दगडाला साखळीने बांधा. आठवड्यातून कोणत्या दोन दिवशी ते उपसलं जाणार हे ठरलं नसेल तर पिंप देऊच नका.

शेवटची पोती चढली की टोळीप्रमुखांचे कागद तिथेच गोळा करा. घरी गेलेला कागद परत येत नाही. पट्टा कुठल्या झाडापासून सुरू झाला, पाणी त्यापासून किती पावलांवर होतं आणि त्या दिवशीचा साठा किती टक्के होता, हे कागदाच्या डोक्यावर लिहा. पुढच्या वेळी तोच पट्टा तेवढ्याच साठ्याला मोजला तर दोन आकडे शेजारी ठेवता येतात. साठा ९० टक्के असतानाचा आणि ४० टक्के असतानाचा काठ म्हणजे दोन वेगळ्या जागा. हातमोजे, खुरपी आणि बूट तळ्यावर धुऊ नका. पाण्याचा टेम्पो किंवा घरचा नळ गाठा, मोजे उलटे करून उन्हात टाका. दुसऱ्या दिवशी ज्याच्या बोटाला कापलंय त्याला फोन करून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का, ते विचारा.